'सिंडर' : राखेतली मुलगी आणि लोखंडाचे पाऊल

'सिंडर' ही अमेरिकी लेखिका मारिसा मेयर यांची पहिली कादंबरी. जानेवारी २०१२ मध्ये 'फाइवेल अँड फ्रेंड्स' या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने ती प्रसिद्ध केली. सिंड्रेलाची सर्वपरिचित परीकथा या कादंबरीने भविष्यकाळात नेऊन ठेवली आहे. मूळ कथेतील सावत्र मुलगी चुलीपाशी राखेत बसते. येथील मुलगी बाजारपेठेत यंत्रदुरुस्तीच्या गाळ्यावर बसते. तिचा एक हात आणि एक पाय धातूचा आहे, आणि त्यामुळेच कायदा तिला पूर्ण माणूस मानीत नाही. कुमारवय ओलांडून तारुण्याकडे निघालेल्या वाचकांसाठी इंग्रजीत जे साहित्य लिहिले जाते, त्याला 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात. जुन्या परीकथांची नव्याने मांडणी ही या साहित्यातील एक मोठी शाखा असून 'सिंडर' ही त्या शाखेतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी एक आहे. 'द ल्युनर क्रॉनिकल्स' या चार कादंबऱ्यांच्या मालिकेचा तो पहिला भाग होय. पुढील विवेचनात कथानकातील रहस्येही उघड केली आहेत.

मूळ कथेचा प्रवास

सिंड्रेलाची कथा कोणा एका देशाची नाही. ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्रॅबो याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ऱ्होडोपिस नावाच्या स्त्रीची हकिकत नोंदवली आहे. ती स्नान करीत असता एका गरुडाने तिचे पादत्राण उचलून नेले आणि मेम्फिस नगरीत न्यायदानास बसलेल्या राजाच्या मांडीवर टाकले. राजाने त्या पादत्राणाच्या घाटावरून तिचा शोध घेतला व तिला राणी केले. चीनमध्ये नवव्या शतकात दुआन चेंगशी या लेखकाने 'योउयांग झाझू' या संग्रहात ये शियान या मुलीची कथा दिली. सावत्र आईच्या जाचात वाढलेली ही मुलगी एका माशाला जीव लावते. सावत्र आई तो मासा मारून खाते. परंतु त्याच्या हाडांपाशी मागणे मागताच मुलीला उत्सवाची वस्त्रे आणि सोन्याची पादत्राणे मिळतात. त्यांपैकी एक हरवते, राजाच्या हाती पडते आणि त्यावरून तिचा शोध लागतो.

युरोपात नेपल्सच्या जामबात्तिस्ता बाझिले याच्या, १६३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कथासंग्रहात या कथेचे एक रूप सापडते. फ्रान्समध्ये शार्ल पेरो याने १६९७ साली भोपळ्याची बग्गी, परीआई, मध्यरात्रीची मुदत आणि काचेचा बूट ही आज सर्वांना ठाऊक असलेली सामग्री कथेत आणली. जर्मनीत ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला. त्यांच्या कथेत परीआई नाही. आईच्या थडग्यावर वाढलेले झाड आणि पाखरे मुलीला मदत करतात. बूट आपल्या पायात जावा म्हणून एक बहीण अंगठा आणि दुसरी टाच कापून घेते, हा भयंकर प्रसंगही ग्रिम बंधूंच्याच कथेतला. १९५० साली वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटाने पेरोची सौम्य आवृत्ती घरोघर पोहोचवली आणि बाकीची रूपे मागे पडली.

मॅरियन रोआल्फ कॉक्स या इंग्रज विदुषीने १८९३ साली या कथेच्या ३४५ रूपांची नोंद प्रसिद्ध केली. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या कथाप्रकाराला ५१० अ हा क्रमांक आहे. नायिकेच्या नावातही एक सातत्य आढळते. फ्रेंच 'सांद्रियाँ', जर्मन 'आशनपुटेल' आणि इंग्रजी 'सिंड्रेला' या तिन्ही नावांच्या मुळाशी राखेचा अर्थ आहे. मेयर यांनी नायिकेला दिलेले 'सिंडर' हे नावही त्याच कुळातले. विझत आलेला निखारा असा त्याचा अर्थ.

दख्खनमधील दोन कथा

या कथेची नाती दख्खनच्या लोककथांपर्यंतही पोहोचतात. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' हा कथासंग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण मराठा मुलखाचा दौरा करीत असता तिने या कथा आपली आया अ‍ॅना लिबेराता डिसोझा हिच्या तोंडून ऐकल्या होत्या. अ‍ॅनाच्या आजोबांचे लिंगायत घराणे कालिकतकडून येऊन गोव्याजवळ स्थायिक झाले होते आणि तेथेच आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. या संग्रहातील सोदेवाबाईच्या कथेत राजकन्येचे रत्नजडित पादत्राण डोंगरउतारावरून खाली रानात पडते, ते एका राजपुत्राला सापडते आणि त्यावरून तो तिला शोधून काढतो. मात्र ही राजकन्या राखेत बसलेली नाही. तिचा प्राण गळ्यातील सोन्याच्या माळेत आहे, आणि ती माळ सवत चोरवते तेव्हा खरे संकट सुरू होते.

दुसरी कथा कन्नड आहे. बेळगावात काही काळ अध्यापन केलेले कवी व लोकसाहित्याचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी हंची या मुलीची कथा इंग्रजीत आणली. अ‍ॅलन डंडिस यांनी १९८२ साली संपादित केलेल्या सिंड्रेलाविषयक लेखसंग्रहात ती समाविष्ट आहे. सोनेरी केसांच्या या मुलीवर सख्ख्या भावाचीच नजर जाते. तेव्हा आई तिच्या तोंडावर मातीचा मुखवटा चढवते आणि तिला घराबाहेर पाठवते. मुलगी एका सावकाराच्या घरी स्वयंपाकाला राहते. मुखवट्याआडचे रूप त्या घरच्या मुलाच्या दृष्टीस पडते आणि पुढे त्यांचे लग्न होते.

या दोन कथांत सिंड्रेलाच्या परंपरेचे दोन मुख्य धागे दिसतात. हरवलेल्या वस्तूवरून माणूस ओळखणे हा एक आणि खरे रूप झाकणे हा दुसरा. 'सिंडर' या कादंबरीत हे दोन्ही धागे आहेत, परंतु दोहोंचा अर्थ पालटलेला आहे.

लेखिका आणि लेखन

मारिसा मेयर यांचा जन्म १९८४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथे झाला. त्यांनी सर्जनशील लेखन आणि पुढे प्रकाशनव्यवसाय या विषयांचे शिक्षण घेतले. त्यांची लेखनाची खरी तालीम मात्र 'सेलर मून' या जपानी चित्रकथेच्या चाहत्यांमध्ये झाली. या मालिकेतील पात्रांवर त्या टोपणनावाने अनेक वर्षे कथा लिहीत होत्या. चंद्रावरील राज्य, तेथून पृथ्वीवर आलेली व स्वतःची ओळख विसरलेली राजकन्या ही 'सेलर मून'मधील कल्पना आणि 'सिंडर'चे कथासूत्र यांतील नाते उघड आहे.

एका लेखनस्पर्धेसाठी त्यांनी 'बूट घातलेले मांजर' ही परीकथा भविष्यकाळात नेऊन लिहिली होती. त्या प्रयोगातून संपूर्ण मालिकेची कल्पना सुचली. नोव्हेंबर महिन्यात तीस दिवसांत कादंबरीचा मसुदा लिहून काढण्याचा एक उपक्रम अमेरिकेत चालत असे. २००८ सालच्या त्या उपक्रमात मेयर यांनी मालिकेतील पहिल्या तीन कादंबऱ्यांचे कच्चे मसुदे लिहिले. 'सिंडर' प्रसिद्ध व्हायला त्यानंतर तीनहून अधिक वर्षे लागली. पुस्तकाची पाने चारशेच्या आसपास असून ते चार भागांत विभागलेले आहे.

कादंबरीचे जग

चौथ्या महायुद्धाला सव्वाशे वर्षे उलटून गेली आहेत. पृथ्वीवर सहा राष्ट्रे उरली असून ती आपसांत शांततेने नांदत आहेत. त्यांपैकी 'पूर्व राष्ट्रकुल' या राष्ट्राची राजधानी न्यू बीजिंग येथे कथा घडते. सिंड्रेलाच्या अतिप्राचीन लिखित रूपांपैकी एक चीनमधील असल्यामुळे ही निवड अर्थपूर्ण ठरते. शहरात हवेत तरंगणारी वाहने आहेत, घरकामाला यंत्रमानव आहेत आणि प्रत्येक नागरिकाच्या मनगटात ओळखीची चिप बसवलेली आहे. त्याच शहरात लेट्युमोसिस या जीवघेण्या साथीने थैमान घातले आहे. आजार झाल्याची निळसर चट्ट्यांची खूण दिसताच रोग्याला विलगीकरणात नेले जाते आणि तेथून कोणी परत येत नाही.

चंद्रावर वेगळे राज्य आहे. तेथील लोक एके काळी पृथ्वीवरून गेलेल्या वसाहतकऱ्यांचे वंशज असून इतरांच्या शरीरातील विद्युत्प्रवाहावर ताबा मिळवण्याची शक्ती त्यांच्यात निर्माण झाली आहे. तिच्या बळावर ते समोरच्याला हवे ते दृश्य दाखवतात आणि त्याच्याकडून हवे ते करवून घेतात. चंद्राची राणी लेवाना ही या विद्येत सर्वांहून वरचढ आहे. जुन्या परीकथांतील जादूच्या जागी कादंबरीने ही शक्ती योजली आहे. तिला विज्ञानाचा पोशाख चढवला असला तरी ती मूळची मायाच होय.

कथानक

लिन सिंडर ही सोळा वर्षांची मुलगी शहरातील नामांकित यंत्रदुरुस्तीकार आहे. लहानपणी एका भीषण अपघातानंतर शस्त्रक्रियेने तिच्या शरीरात यंत्रे बसवली गेली, एवढेच तिला सांगण्यात आले आहे. त्यापूर्वीची आठवण तिला नाही. तिला युरोपातून घरी आणणारा पालक लिन गारान थोड्याच दिवसांत साथीने मरण पावला. त्याची विधवा आद्री या मृत्यूचा दोष सिंडरला देते. शरीरात यंत्र असलेल्या माणसावर कायद्याने पालकाची मालकी असते. त्यामुळे सिंडरने मिळवलेला पैसा आद्रीचा होतो. आद्रीच्या दोन मुलींपैकी पर्ल उद्धट आहे, तर धाकटी पिओनी सिंडरवर मनापासून प्रेम करते. घरात तिचा आणखी एक सोबती म्हणजे आयको हा बडबडा यंत्रमानव.

कादंबरीच्या आरंभीच सिंडर आपल्या गाळ्यावर बसून पायाचा स्क्रू काढत असते. हा धातूचा पाय अकराव्या वर्षापासून तोच असल्याने आता तिला लहान पडतो. नवा पाय येण्याची वाट पाहत असतानाच युवराज काइतो, म्हणजेच काई, आपला बिघडलेला यंत्रमानव घेऊन तिच्याकडे येतो. तिचे हातमोज्यात झाकलेले हात यंत्राचे आहेत की नाहीत, याची त्याला कल्पना नसते. त्याच दिवशी बाजारात साथीचा रोगी सापडतो आणि काही काळातच पिओनीला लागण होते.

साथीवर लस शोधण्यासाठी सरकार यंत्रदेहधारी माणसांवर प्रयोग करीत असते. रोज सोडतीने एकाची निवड होते आणि निवडलेला माणूस जिवंत राहत नाही. कुटुंबाला मात्र मोबदला मिळतो. पिओनी आजारी पडताच आद्री संतापाच्या भरात सिंडरला या प्रयोगासाठी देऊन टाकते. राजवाड्यातील प्रयोगशाळेत डॉक्टर अर्लंड यांच्या लक्षात येते की या मुलीला रोगाची बाधा होतच नाही. ती पृथ्वीवरची नाही, चंद्रावरची आहे.

दरम्यान सम्राट साथीने मरण पावतो आणि काईवर राज्याची जबाबदारी येते. राणी लेवाना रोगावरील औषध घेऊन पृथ्वीवर येते आणि त्याच्या बदल्यात काईशी विवाह मागते. नकार म्हणजे युद्ध, आणि होकार म्हणजे राज्य तिच्या हाती. सिंडर औषधाची कुपी घेऊन पिओनीकडे धावते, पण तिला उशीर होतो. घरी आद्रीने आयकोचे सुटे भाग करून विकलेले असतात आणि सिंडरचा नवा पायही काढून घेतलेला असतो.

लेवानाचे कारस्थान कळल्यावर काईला सावध करण्यासाठी सिंडर राजवाड्यातील नृत्यसमारंभाला जाते. पिओनीचा चुरगळलेला पोशाख, भंगारातून दुरुस्त केलेली नारिंगी रंगाची जुनी मोटार, काईने भेट दिलेले रेशमी हातमोजे आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा जुना पाय एवढीच तिची तयारी. समारंभात लेवाना तिला ओळखते आणि सर्वांसमक्ष तिचे गुपित फोडते. पळताना पायऱ्यांवर सिंडरचा पाय निखळून पडतो. तिला तुरुंगात टाकले जाते. तेथे डॉक्टर अर्लंड तिला सांगतात की लेवानाने बालपणीच आगीत संपवली असे मानली जाणारी चंद्राची खरी वारसदार, राजकन्या सेलीन, ती स्वतःच आहे. ती तुरुंगातून पळण्याच्या तयारीला लागते, आणि कादंबरी येथे थांबते.

बुटाचे माप आणि माणसाचे माप

मूळ कथेच्या अनेक रूपांत बूट हे माप आहे. ज्या मुलीचा पाय त्यात बसेल ती योग्य. हे माप राजपुत्राच्या हाती असते. मुलीने करायचे एवढेच की त्यात बसून दाखवायचे. ग्रिम बंधूंच्या कथेतील बहिणी पाय कापून घेतात तेव्हा त्या मापाचे क्रौर्य उघडे पडते, पण कथा त्याचा दोष बहिणींना देते. माप कोणी ठरवले, हा प्रश्न जुन्या कथेला पडत नाही.

मेयर यांनी हाच प्रश्न कादंबरीच्या मध्यभागी आणला. येथे पायऱ्यांवर बूट न पडता पाऊलच पडते. पाय बुटात बसतो की नाही, ही कसोटी राहत नाही. पाय स्वतःचा आहे की नाही, यावर सारे अवलंबून राहते. प्रयोगशाळेतील यंत्र सिंडरच्या शरीराची मोजणी करून सांगते की तिचा ३६.२८ टक्के भाग मानवी नाही. दशांशापर्यंत नेमका असलेला हा आकडा वैज्ञानिक वाटतो, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष विज्ञानाचा नसतो. अपघातातून वाचवलेल्या मुलीला कमी दर्जाचे माणूस ठरवण्याचा निर्णय समाजाने आधीच घेतलेला आहे. आकडा त्याला आधार पुरवतो. प्रयोगासाठी कोणाचा जीव घ्यायचा, कोणाची कमाई कोणाच्या नावे जमा करायची, हे सारे त्या निर्णयातून ठरते.

सिंडरच्या वेदनेचे चित्रणही याच सूत्रात बसते. तिच्या डोळ्यांत अश्रू येण्याची सोय नाही. पिओनीच्या मृत्यूनंतर तिला रडता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती निर्विकार दिसते, आणि आद्री याच गोष्टीचा पुरावा करून तिला भावनाशून्य ठरवते. आतील दुःख आणि बाहेर दिसणारी खूण यांतील ही तफावत कुमारवयीन वाचकाला चटकन भिडते. कारण आपले शरीर आपल्या मनाचे खरे सांगत नाही, हा त्या वयाचा नित्याचा अनुभव असतो.

माया आणि आरसा

हंचीच्या कथेत सौंदर्य मुखवट्याने झाकले जाते. 'सिंडर'मध्ये सौंदर्य हाच मुखवटा आहे. राणी लेवानाचे अपूर्व रूप मायेने उभे केलेले असते. आरशाला आणि कॅमेऱ्याला ही माया फसवू शकत नाही, म्हणून लेवानाला आरसे सहन होत नाहीत आणि पडद्यावर दिसताना ती चेहऱ्यावर बुरखा घेते. 'स्नो व्हाइट'च्या कथेतील राणी आरशाला आपल्या सौंदर्याचा कौल मागते. लेवाना आरशापासून पळते. दोन परीकथांचा हा सांधा मेयर यांनी फार कौशल्याने जुळवला आहे.

त्याच्या अगदी समोर सिंडर आहे. समोरचा माणूस खोटे बोलत असल्यास तिच्या यंत्राच्या नजरेत नारिंगी ठिपका चमकतो. ज्या यंत्रामुळे तिला हीन लेखले जाते, त्याच यंत्राच्या बळावर तिला खरे-खोटे उमगते. राणीची माया पाहून सारी सभा भारावते, आणि लोखंडी हाताची मुलगी मात्र जमिनीवर राहते. कादंबरीतील हा विरोध व्याख्यान न देता आपले म्हणणे सांगतो.

मालिकेतील पुढचे भाग

मालिकेतील प्रत्येक कादंबरी एका नव्या परीकथेवर उभी आहे आणि तरीही सिंडरची मुख्य कथा सलग पुढे जाते. २०१३ मधील 'स्कार्लेट' फ्रान्समध्ये घडते. तिच्या मुळाशी लाल टोपीवाल्या मुलीची आणि लांडग्याची गोष्ट आहे. २०१४ मधील 'क्रेस' ही रापुन्झेलची कथा; येथे मनोऱ्याच्या जागी पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह आहे आणि त्यात एकाकी ठेवलेली मुलगी संगणकविद्येत निष्णात आहे. २०१५ मधील 'विंटर' ही चंद्रावर घडणारी स्नो व्हाइटची कथा. मायेचा वापर करणार नाही असा निश्चय केलेली राजकन्या विंटर त्यापायी मनाचे स्वास्थ्य गमावत जाते. त्याच वर्षी आलेल्या 'फेअरेस्ट' या पुस्तकात लेवानाचे पूर्वायुष्य आहे, तर २०१६ मधील 'स्टार्स अबव्ह' हा त्याच जगातील कथांचा संग्रह आहे.

उणिवा

कादंबरीचे सर्वांत मोठे रहस्य, म्हणजे सिंडर हीच हरवलेली राजकन्या असणे, जाणत्या वाचकाला आरंभीच्या प्रकरणांतच ओळखू येते. परीकथेच्या वाचकाला शेवट माहीत असतोच, असे समर्थन करता येईल. परंतु लेखिकेने ते रहस्य अखेरपर्यंत राखून ठेवल्यामुळे मधल्या भागात कथा वाचकाच्या मागे पडते.

न्यू बीजिंगचे चित्रण हीदेखील उणीव आहे. चिनी आणि जपानी खुणांची सरमिसळ, काही नावे, काही पोशाख यांपलीकडे त्या शहराचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व फारसे उभे राहत नाही. ये शियानच्या भूमीत कथा नेल्यावर त्या भूमीच्या कथापरंपरेचा अधिक खोल उपयोग होऊ शकला असता.

तिसरा आक्षेप कादंबरीच्या गाभ्याशी भिडतो. माणसाची योग्यता शरीराच्या मोजमापावर ठरू नये, असे कादंबरी सांगते. पण नायिकेला अखेर मोठेपण मिळते ते राजरक्तामुळे. ती केवळ एक कुशल यंत्रदुरुस्तीकारच राहिली असती, तर तिच्या माणूसपणाचा दावा तितकाच खरा ठरला नसता काय? 'सिंडर' हे एकच पुस्तक वाचणाऱ्याला याचे उत्तर मिळत नाही. पूर्ण मालिका वाचणाऱ्याला ते 'विंटर'च्या अखेरीस मिळते. सिंहासन मिळवल्यानंतर सिंडर चंद्रावरील राजेशाहीच संपवून तेथे लोकांचे राज्य आणण्याचा निर्णय घेते. रक्ताने मिळालेला अधिकार ती रक्ताचा अधिकार मोडण्यासाठी वापरते. पहिल्या पुस्तकात राहून गेलेली विसंगती लेखिकेने चौथ्या पुस्तकात अशी निस्तरली.

परंपरेतील स्थान

परीकथांची नवी मांडणी 'सिंडर'पासून सुरू झाली नाही. रॉबिन मॅकिन्ली यांची 'ब्यूटी' ही कादंबरी १९७८ साली आली; सुंदरी आणि राक्षसाची कथा तिने सुंदरीच्या बाजूने सांगितली. गेल कार्सन लेव्हिन यांच्या १९९७ मधील 'एला एन्चांटेड' या कादंबरीने सिंड्रेलासंबंधी एक मार्मिक प्रश्न विचारला : ही मुलगी सावत्र आईचे सारे मुकाट्याने का ऐकते? लेव्हिन यांचे उत्तर असे की तिच्यावर आज्ञापालनाचा शाप आहे. मलिंडा लो यांच्या २००९ मधील 'अ‍ॅश' या कादंबरीत सिंड्रेलाचे मन राजपुत्राऐवजी राजाच्या शिकारी पथकाची प्रमुख असलेल्या स्त्रीकडे वळते.

या तिन्ही कादंबऱ्यांनी नायिकेच्या मनात डोकावून पाहिले. 'सिंडर'ने त्यापुढे जाऊन नायिकेभोवतीचे कायदे, बाजार, साथीचे राजकारण आणि राज्याराज्यांतील करार यांकडे पाहिले. मूळ कथेतील जाच घराच्या चार भिंतींत असतो. सावत्र आई वाईट म्हणून मुलगी दुःखी. मेयर यांच्या कादंबरीत आद्री दुष्ट आहे खरी, पण तिच्या दुष्टपणाला कायद्याचे बळ आहे. ते नसते तर ती सिंडरला विकू शकली नसती. परीकथेतील दुःखाला सामाजिक कारण देणे हे या कादंबरीचे प्रमुख योगदान होय.

वाचनापूर्वी

कादंबरीचे इंग्रजी सोपे आणि वेगवान असल्यामुळे माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ती स्वतंत्रपणे वाचता येण्याजोगी आहे. प्रेमकथा संयत आहे. मात्र साथीतील मृत्यू, विलगीकरणातील एकाकीपण आणि लहान बहिणीचा अंत यांची वर्णने मनाला चटका लावणारी आहेत. २०२० नंतरच्या वाचकाला ती अधिकच जवळची वाटतील. पुस्तके प्रसिद्धीच्या क्रमानेच वाचणे श्रेयस्कर आहे. 'सिंडर'चा शेवट ही मालिकेची सुरुवात असल्याने या एका भागावर थांबणाऱ्याला कथा अर्धवट वाटेल.

घरात लहान मुलांना सिंड्रेलाची गोष्ट सांगितली जाते तेव्हा ती बूट पायात बसला या वाक्याशी संपते. तीच मुले मोठी झाल्यावर त्यांच्या हाती 'सिंडर' दिली, तर बुटाचे माप कोणी घेतले होते, हा प्रश्न त्यांना आपोआप पडेल.